चेनवाली की गिअरवाली

मनोरीच्या कोळीवाड्यात पुतळाबाईला जीपवाली म्हणत. समोर म्हणताना कौतुक असे, पाठीमागे म्हणताना जरा मीठ जास्त पडे, पण नाव तेच. तिची जीपही तशी नाव घेण्यासारखीच होती. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेली, लढाई सरल्यावर लिलावात निघालेली आणि दोघातिघांच्या हातून फिरत पुतळाबाईच्या नवऱ्याकडे, बळवंतकडे आलेली. स्टिअरिंग डावीकडे, दारं नाहीत, छप्पर ताडपत्रीचं. पण जोर चारही चाकांत, त्यामुळे मऊ वाळूतसुद्धा रुतून बसत नसे. गावाने तिला पलटण म्हणायला सुरुवात केली. ‘पलटण आयली’ म्हटलं की कोंबड्यासुद्धा न हाकलता बाजूला होत.

बळवंत गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हा लोकांना वाटलं, आता पलटण माडाखाली गंजणार. पुतळाबाईने दिवसकार्य आटोपलं आणि ओहोटी बघून किनाऱ्यावर जीप चालवायला शिकली. ओहोटीची वाळू टणक असते आणि आपटायला तिथे काही नसतं, एक समुद्र सोडला तर.

चालवायला आली तशी परवान्याची गोष्ट निघाली. भाईंदरवरून वळसा घालून ती अंधेरीच्या ऑफिसात परीक्षेला गेली. साहेब म्हणाला, गाडीने आठ काढून दाखवा. पुतळाबाई शाळेत गेली ती आकडे गिरवण्यापुरतीच. तिने पाटीवर गिरवलेला आठ काढला, म्हणजे आपला मराठी. एक बाक घेतला आणि गाडी उभी केली. साहेब वाट बघतोय की बाई पुढे काय करते, आणि बाई वाट बघतेय की साहेब पास कधी म्हणतो. शेवटी त्याने कागदावर इंग्रजी आठ काढून दाखवला. ‘असं सांगायचं ना, दोन भाकऱ्या एकावर एक,’ असं म्हणून तिने तो एका दमात काढला, आणि कोणी सांगितलं नसताना एक उलटा, मागे जात जात काढला. परवाना मिळाला. त्यावर सही करायला म्हणून ती नाव लिहायला शिकली. तेवढंच लिहिणं तिला आयुष्यभर पुरलं.

पलटणीचं काम रोजचं होतं. पहाटे किनाऱ्यावर मासळी उतरली की अकरा जणींच्या पाट्या जीपमध्ये चढत आणि दीड मैलावरच्या धक्क्यावर, मार्वेला जाणाऱ्या पहिल्या होडीला पोचत. पलीकडून मग जिचा जो बाजार असेल तिकडे ती जाई, कोणी मालाडला, कोणी कांदिवलीला, कोणी बोरिवलीला. त्या अकरांतल्या सात जणी साठीच्या पुढच्या. दीड मैल वाळू आणि डोक्यावर ओली पाटी हे आता त्यांच्या मानेला झेपणारं नव्हतं. त्यांच्यात सगळ्यांत थोरली पुतळाबाईची जाऊ अंजनाबाई. तिचे गुडघे चालताना वाजत. ती स्वतःच म्हणे, मी आली की घंटी वाजवायला नको. पण मालाडच्या बाजारात तिची फळी चाळीस वर्षांची होती आणि तिथे बसली की गुडघे वाजत नसत.

हे सगळं थांबलं शहाऐंशी सालच्या हनुमान जयंतीला. पाट्या भरून जीप धक्क्याकडे निघाली आणि वाटेत तेलाच्या घड्याळातला काटा झोपला. इंजिनात तेल फिरतंय की नाही ते तो काटा सांगतो. बळवंतने एवढी एकच गोष्ट बायकोला बजावून सांगितली होती की हा काटा पडला तर जागच्या जागी इंजिन बंद करायचं, मग पाठीमागे वाघ लागलेला असला तरी. पुतळाबाईने बंद केलं. त्या दिवशी अकराही पाट्या डोक्यावरून गेल्या. अंजनाबाई अर्ध्या वाटेवर वाळूत बसली आणि तिची पाटी दुसऱ्या दोघींनी वाटून घेतली.

दुपारी पोरांनी जीप ढकलत घरी आणली तेव्हा थोरले दीर भिकाजी अंगणात आले. अंजनाबाईचा नवरा. बोलणं मोजकं, त्यातलं निम्मं जाळ्याशी आणि निम्मं माणसांशी. जीपचे कागद त्यांच्या नावावर होते, कारण घेताना सही करता येणारे घरात ते एकटेच. ते म्हणाले, “पुतळे, लय झालं. अखितीपर्यंत बग. तवर गाडी आपल्या पायानं चालली तर चालली. नाय तर भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय, अखितीला येऊन कापून नेईल.”

“आणि पाट्या कशा जायच्या?” पुतळाबाईने विचारलं.

“नाय जायच्या. किनाऱ्यावर व्यापारी येतो ना, त्याला द्या. बायांनी घरी बसा आता.”

बायांनी म्हणजे कोणी, ते सांगायला नको होतं. ओट्यावर अंजनाबाई सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण सुपातली सुकट एकदम जोरात उडाली.

अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अठरा दिवस होते.

चारकोपला पुतळाबाईकडून बांगडे घेणारं एक ठरलेलं घर होतं, गुणाजीचं. गुणाजी मालवणकडचा, गिरणीत फिटर होता. संप झाला, गिरणी त्याच्यासाठी परत उघडली नाही, मग चारकोपला छोटं घर घेऊन तिथल्याच कारखान्यांच्या एका गाळ्यात लेथवर लागला होता. माणूस सरळ, पण छापील कागदावर त्याची भक्ती फार. बसच्या तिकिटाच्या मागे लिहिलेलंसुद्धा वाचून मगच टाकी. पुतळाबाईने दारात पाटी उतरवली आणि माशांच्या आधी जीपचं सांगितलं. रविवारी तो होडीने आला, बॉनेट उघडून कान लावला, तेल मोजायची काडी ओढून बघितली आणि निदान केलं. “वयनी, ह्येचो तेलाचो पंप गेलो. नवो हाडल्याशिवाय उघडुचा नाय. हय वाळू उडता, ती आत गेली तर इंजिनाचा पीठ होतला.”

म्हणून जुना पंप आतच राहिला आणि नमुना हातात न घेता पुतळाबाई कुर्ल्याला गेली. पुढची सगळी धावपळ त्या एका शहाणपणातून झाली. पण वाळूच्या काठी राहणाऱ्याने वाळूला भिऊ नये असं कोण म्हणेल?

कुर्ल्याच्या त्या गल्लीत दुकानंच दुकानं, आणि प्रत्येकाच्या दारात गाड्यांची आतडी लटकलेली. जीपवाल्याचं दुकान विचारत ती पोचली. दुकानदार चहा पीत होता. त्याने बशीतून तोंड न काढता विचारलं, “चेनवाली या गिअरवाली?”

पुतळाबाईला जरा हसूच आलं. चेन सायकलला असते. इतकी वर्षं जीप चालवली, तिला कधी चेन पडलेली नाही की चढवावी लागली नाही. आणि गिअर तर डोळ्यांसमोर होते, रोज हाताने टाकत होती.

“गिअरवाली,” ती ठणकावून म्हणाली. “तीन गिअर है. पीछे जानेका अलग.”

दुकानदाराने मान हलवली आणि गिअरवालीचा पंप काढून दिला. वर एक तेलकट पुस्तकही दिलं, जीपचं दुरुस्तीचं, पानोपानी चित्रं. बाईने एवढ्या विश्वासाने सांगितल्यावर तो बिचारा आणखी काय विचारणार?

दुसऱ्या रविवारी गुणाजी आला. पुस्तक बघून त्याचा चेहरा सत्यनारायणाची पोथी मिळाल्यासारखा झाला. हात धुऊन त्याने ते उघडलं, पानं वाचली, इंजिनाच्या बाजूला ओली गोणपाटं लावली, आणि जुना पंप काढला. नवा आत सारला. तो निम्मा गेला आणि अडला. काढला, पुसला, पुन्हा सारला. पुन्हा अडला. गुणाजी पुस्तक बघे, पंप बघे. पुस्तकात तर सारखाच दाखवला होता. तासभर झाला. माडाखाली बसलेल्या बायांनी सल्ले द्यायला सुरुवात केली, त्यातला एक खोबरेल लावून बघा असाही होता.

“पुस्तकात आसा म्हणजे बसाक व्हयो तो,” गुणाजी शेवटी म्हणाला. “वयनी, हातोडी दी.”

पुतळाबाईने हातोडी उचलली आणि आपल्या मांडीखाली ठेवली. “थांब भावा. दोन्ही इकडं दे आधी.”

तिने जुना पंप डाव्या हातात घेतला, नवा उजव्या हातात. दोन्हींच्या टोकाला एकेक दातेरी चाक, करंगळीच्या नखाएवढ्या दातांचं. इंजिनाच्या आतला दांडा या चाकाला फिरवतो आणि पंप तेल ढकलतो, एवढं गुणाजीने सांगितलं होतं. दात सरळ नव्हते, तिरके होते. जुन्याचे एका बाजूला कललेले. नव्याचे दुसऱ्या बाजूला.

कोळ्याच्या घरात दोर वळताना हे पोराला चालता येण्याआधी कळतं. उजव्या पिळाचा दोर असतो, डाव्या पिळाचा असतो. एकात दुसरा गुंफला की दोन्ही उकलतात. तिने दोन्ही चाकं गुणाजीच्या नाकासमोर धरली. “हा उजवा पीळ हाय. हा डावा. तू हातोडीच काय, देऊळ आणून मारलंस तरी बसायचं नाय.”

गुणाजीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. तेवीस वर्षं तो सुताच्या गिरणीत होता. सुताचा पीळ सुलटा की उलटा हे बोटांनी ओळखण्यात त्याची हयात गेली होती. लोखंडात पीळ बघायचं त्याला सुचलं नाही, कारण पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.

मग त्याच्या मनात काहीतरी आलं. त्याने विचारलं, “दुकानदारान तुका काय इचारल्यान ता सांग. शबुदान शबुद.”

पुतळाबाईने सांगितलं. तीन गिअर आणि मागे जायचा वेगळा, तेही सांगितलं. गुणाजी वाळूत बसला आणि इतका हसला की बायांना वाटलं, याला ऊन लागलं. हसून झाल्यावर त्याने तिला समजावलं. दुकानदार हाताने टाकायच्या गिअरचं विचारतच नव्हता. इंजिनाच्या पोटात, पुढच्या झाकणाखाली दोन चाकं असतात. नंतरच्या जीपमध्ये ती दातात दात घालून फिरतात, त्याला ते लोक गिअरवाली म्हणतात. लढाईतल्या जुन्या जीपमध्ये त्या दोन चाकांवर सायकलसारखी साखळी असते, ती चेनवाली. साखळी असली की दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतात. दातात दात असले की दुसरं चाक उलटं फिरतं. म्हणून पुढचं सगळंच उलटं, पंपाच्या दातांचा पीळसुद्धा.

“म्हणजे माझ्या गाडीला चेन हाय,” पुतळाबाई म्हणाली.

“आसा. पोटात.”

“नऊ वर्षं पोटात चेन घेऊन फिरते आणि मना एका शब्दानं सांगितलं नाय,” ती जीपकडे बघून म्हणाली. पुस्तक मिटून तिने गुणाजीच्या हातातून घेतलं. पुस्तकही दुसऱ्याच गाडीचं होतं. अखितीला आठ दिवस राहिले होते.

ओट्यावरून भिकाजी सगळं ऐकत होते. भंगारवाल्याला पुन्हा निरोप गेल्याचं संध्याकाळी अंजनाबाईकडून कळलं.

सोमवारी पुतळाबाई पुन्हा कुर्ल्याला गेली, या वेळी जुना पंप पदरात बांधून. दुकानदाराला तिने आल्या आल्या सांगितलं की चूक तुझी नाही, माझी पण नाही, शब्दाची आहे. त्यामुळे त्याला भांडता आलं नाही. पण चेनवालीचा पंप त्याच्याकडे नव्हता. ती इंजिनं कधीच वितळून गेली, तो म्हणाला, आणि चेनवालीचं पुस्तक तर त्याने जन्मात पाहिलेलं नाही. नवा पंप परत घ्यायला तो तयार होता. पुतळाबाईने तो परत केला नाही. का ते तिला सांगता आलं नसतं. हातात असलेली वस्तू सोडू नये, एवढंच. ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत जाऊ लागली. तासाभराने दुकानदार वैतागून म्हणाला, मुलुंडला एक फौजी आहे, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होता, लढाईतल्या जीपची किताब असलीच तर त्याच्याकडे. पण तो कोणाला दाखवत नाही.

“दाखवेल,” पुतळाबाई म्हणाली आणि पायरीवरून उठली.

मुलुंडच्या एका बैठ्या चाळीत विद्याधर हवालदार राहत. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी चपला रांगेत लावणारे. पुतळाबाई दारात उभी राहून सांगू लागली, आणि त्यांनी मधेच थांबवलं. पुस्तक आहे. मिळणार नाही. त्याच्या जोडीचं एक पुस्तक एका मित्राने आठ दिवसांसाठी म्हणून नेलं होतं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून नियम होता की पुस्तक घराबाहेर जात नाही.

“आणि तुमची गाडी लढाईतलीच कशावरून?” त्यांनी विचारलं. “आजकाल कोणीही डबा हिरवा रंगवतो आणि लढाईतला म्हणतो.”

पुतळाबाईला कागद, नंबर, साल काही ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली आहे, पेट्रोल घालायचं तर आधी ड्रायव्हरला उठवावं लागतं. पुढचे दिवे उलटे फिरवून बॉनेटच्या आत उजेड पाडता येतो. आणि बाजूला पत्र्यावर फावडं, कुऱ्हाड अडकवायच्या खाचा आहेत, त्यांत ती पाट्यांचे दोर बांधते.

हवालदार उठले. मग आत जाऊन मेणकापडात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आले आणि मांडीवर ठेवलं. उघडलं नाही.

“तुम्ही खरं बोलताय,” ते म्हणाले. “पण पुस्तक घराबाहेर जात नाही.”

“नका देऊ पुस्तक,” पुतळाबाई म्हणाली. “तुम्ही तर घराबाहेर जाता ना? मग तुम्ही चला. पुस्तक तुमच्या हातात राहू दे. मी त्याला बोटसुद्धा लावणार नाय.”

हवालदारांनी होडीचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं, वयाचं सांगितलं. पुतळाबाईने अकरा पाट्यांचं सांगितलं, अंजनाबाईच्या गुडघ्यांचं सांगितलं आणि अखितीला येणाऱ्या गॅसकटरचं सांगितलं. कापणार हे ऐकल्यावर हवालदारांचा हात आपोआप पुस्तकावर पडला, एखाद्या पोराच्या कानावर ठेवावा तसा. तरी ते हो म्हणेनात. तेव्हा आतून त्यांची बायको वनमाला बाहेर आली. तिने सांगितलं की पंधरा वर्षं हे पुस्तक दर दसऱ्याला पाटावर मांडून ती हळदकुंकू वाहतेय, पण त्याने कोणाची गाडी चालू झालेली तिने अजून बघितलेली नाही. रविवारी डबा भरून देते, जाऊन या.

रविवारी, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, हवालदार मार्वेच्या धक्क्यावर होडीत बसले. पुस्तक छातीशी. होडी हलली तसं त्यांनी ते शर्टाच्या आत घेतलं.

जीपभोवती ओल्या गोण्यांचा आडोसा तयार होता. गुणाजीने हात धुतले होते, पण हवालदारांनी त्यालाही पुस्तक धरू दिलं नाही. ते स्वतः माडाखाली पाटावर बसले आणि पानं उलटू लागले. शेवटच्या पानांत सुट्या भागांचे नंबर होते. तिथे ते थांबले. नवा पंप मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून त्यावर कोरलेला नंबर बघितला आणि पुन्हा पान बघितलं.

“पंपाचं अंग तेच आहे,” ते म्हणाले. “नंबर तोच. मधला दांडाही तोच. फक्त टोकाचं दातेरी चाक वेगळं.”

कोणाला लगेच कळलं नाही. सगळ्यांत आधी पुतळाबाईला कळलं. “म्हणजे जुन्याचं डोकं काढून नव्याच्या धडावर बसवायचं?”

“जुन्याचे दात शाबूत असले तर.”

दात शाबूत होते. झिजला होता तो आतला भाग. चाक दांड्याला धरून ठेवणारा आडवा खिळा गुणाजीने पंचने ठोकून बाहेर काढला आणि दोन्ही चाकं सोडवली. जुनं चाक नव्या दांड्यावर चढलं, पण खिळ्याची भोकं एकमेकांसमोर येईनात. त्यासाठी नवीन भोक पाडायला हवं होतं आणि ते हाताने सरळ पडलं नसतं. तो पंप रुमालात बांधून चारकोपला, आपल्या गाळ्यात गेला. रविवार असल्याने गाळा बंद. रखवालदाराला काय सांगितलं ते त्याने कोणाला कधी सांगितलं नाही, पण तिसऱ्या प्रहरी तो परत आला तेव्हा भोक पाडलेलं होतं आणि खिळा बसलेला होता. तोपर्यंत हवालदारांचा डबा तसाच राहिला होता, कारण अंजनाबाईने त्यांना ताटात तळलेल्या हलव्याच्या तुकड्या वाढल्या होत्या आणि ते दोनदा मागून घेऊन जेवले होते.

आता बसवायचं. या पंपाच्या दुसऱ्या टोकावर ठिणगी वाटणारा डबा बसतो, त्यामुळे पंप एका ठरलेल्या जागीच बसला पाहिजे, नाहीतर ठिणगी भलत्या वेळी पडते. गुणाजीने पंप आत सारला. या वेळी तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. बाया उभ्या राहिल्या. पुतळाबाईने इंजिन सुरू करायचा दांडा मारला. इंजिनाने एक मोठा बार काढला, कार्ब्युरेटरमधून जाळ आला आणि माडावरचे कावळे उडाले. त्यानंतर काही नाही. पुन्हा दांडा मारला, पुन्हा बार.

ओट्यावर भिकाजींनी जाळं खाली ठेवलं.

गुणाजी आणि हवालदार यांच्यात जुंपली. गुणाजी म्हणत होता, आपण बरोबर जागीच बसवलाय. हवालदार म्हणत होते, कोणत्या पुस्तकातल्या जागी? खरी गोष्ट ही होती की आठ दिवसांपूर्वी गिअरवालीच्या पुस्तकात वाचलेली जागा गुणाजीच्या बोटांत बसली होती. एकदा छापलेलं वाचलं की ते त्याच्यातून सहज निघत नसे. तो म्हणाला, पुन्हा बघतो. हवालदार म्हणाले, तुम्ही नको, मी बघतो. पुस्तक सोडून उठायला मात्र ते तयार नव्हते.

पुतळाबाईने पदर खोचला. “हवालदार, तुम्ही वाचा. मराठीत सांगा, एकेक ओळ. गुणाजी, तू दांड्यानं इंजिन फिरव, मी थांब म्हटलं की थांब. हात माझे.”

“वयनी, तू आदी कदी…”

“मना वाचता येत नाय, म्हणून तर बरं. डोक्यात दुसरं पुस्तक नाय.”

गुणाजीने पंप पुन्हा बाहेर काढला आणि हवालदार वाचू लागले. आधी पंपात तेल भरा, कोरडा बसवू नका. तिने भरलं. इंजिन फिरवा, इंजिनाच्या मागच्या जड चाकावरची खूण त्याच्या झाकणातल्या भोकात दिसेपर्यंत. गुणाजीने एक बोटभर, दोन बोटं फिरवलं. थांब. खूण आली. आता पंप सारताना दांड्याच्या टोकाची खाच कुठे असावी, ते हवालदारांनी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून दाखवलं. घड्याळाच्या आकड्यांत सांगितलेलं होतं. पुतळाबाईकडे घड्याळ नव्हतं. ती म्हणाली, मना दिशा सांगा. हवालदारांनी चित्र फिरवून धरलं, मान वाकडी केली आणि म्हणाले, “इंजिनाकडे तोंड केलंत की खाच त्या देवळाच्या कळसाकडे बघायला हवी.”

तिने पंप सारला. दात दातांत शिरताना खाच जरा वळली आणि कळसाच्या पुढे, वडाकडे गेली. तिने काढला, एक दात मागे घेऊन पुन्हा सारला. आता ती वळून कळसावर आली आणि तिथेच बसली. तिने बोट फिरवून खात्री केली, आणि बोल्ट आवळले, एकेक, समोरासमोर, पाटीचा दोर आवळतात तसे.

दांडा तिने स्वतः मारला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा इंजिन खोकलं. तिसऱ्यांदा पलटण सुरू झाली, आधी अडखळत, मग बळवंत असताना चालायची तशी एका लयीत. सगळे तेलाच्या काट्याकडे बघत होते. काटा पडलेलाच होता. पुतळाबाईचा हात इंजिन बंद करायच्या किल्लीवर होता. तिने मनात पाच मोजले. तीनला काटा हलला. पाचला तो अर्ध्यावर उभा होता.

हवालदारांनी पुस्तक मेणकापडात गुंडाळलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते उघडून गुणाजीच्या हातात दिलं आणि म्हणाले, पाच मिनिटं, बसून वाचा. गुणाजी उभ्यानेच वाचत राहिला. परतीच्या होडीपर्यंत त्याची तेरा पानं झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर मासळी उतरली. पुतळाबाईने जीप आणून उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं, काट्यावर नजर ठेवून. एकेक पाटी चढू लागली. दहा झाल्या. अकरावी अंजनाबाईची, तिचा पत्ता नव्हता. पुतळाबाई वाट बघत राहिली. भंगारवाला पहिल्याच होडीने येणार होता हे तिला माहीत होतं. कागद भिकाजींच्या नावावर होते, हेही माहीत होतं. गाडी चालली तर चालली, असं ते म्हणाले होते खरे. पण बायकोला बाजारात पाठवतो असं काही ते म्हणाले नव्हते.

माडांतून भिकाजी येताना दिसले. खांद्यावर पाटी होती. मागून अंजनाबाई एका हाताने त्यांचा दंड धरून, गुडघे वाजवत. त्यांनी पाटी पलटणीत चढवली, इतर पाट्यांत नीट बसवली, दोर ओढून बघितला. मग बायकोला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं. पुतळाबाईकडे त्यांनी बघितलं नाही. इंजिनाकडे जरा वेळ कान देऊन ऐकलं.

“भंगारवाला धक्क्यावर भेटेल,” ते म्हणाले. “त्याला सांग, परत जा.”

आणि अंजनाबाईला म्हणाले, “पापलेट आज चांगलं हाय. भाव पाडून देऊ नको.”

“चाळीस वर्षांत कवा पाडलाय?” अंजनाबाई म्हणाली.

पुतळाबाईने पहिला गिअर टाकला.